ताम्रपटावरचं नाव: आमच्या सोसायटीच्या पंधरा ऑगस्टचं एक प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका सोसायटीचं आहे, पर्वतीच्या बाजूची सोसायटी एवढंच सांगते, नावं कुणाचीच देत नाही. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आपण माई आणि आप्पा म्हणू, त्यांच्या मुलाला दादा म्हणू. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे या चुकीत माझा वाटा मोठा आहे आणि तो मी लपवणार नाहीये. घरच्यांना विचारून, त्यांना वाचून दाखवूनच लिहितेय.

पार्श्वभूमी

जुनी बिल्डिंग १९७९ सालची, तीन मजली, बिनलिफ्टची. माई-आप्पा पहिल्यापासूनचे सभासद, तळमजल्यावर राहायचे. आप्पा पोस्टात होते, २००४ साली गेले. माई २०११ मध्ये गेल्या. मी २००९ ला इथं राहायला आले, म्हणजे माईंना मी दोनच वर्षं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात माई म्हणजे गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आजी, ज्यांच्याशी त्या पापडांवरूनच आमच्या एका मीटिंगमध्ये वाद झाला होता.

सोसायटीत एक गोष्ट सगळ्यांना ‘माहीत’ होती, की आप्पा स्वातंत्र्यसैनिक होते. त्यांच्या हॉलमध्ये दारावर ताम्रपट लावलेला होता, तो बऱ्याच जणांनी पाहिलेला. आप्पा गेल्यावरही माई दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायच्या, रिक्षा कोणीतरी आणून द्यायचं, तेव्हा सगळे म्हणायचे की आप्पांची पेन्शन आता माईंना मिळते. कुणी विचारलं नाही आणि कुणाला विचारावंसं वाटलंही नाही.

२०१० च्या पंधरा ऑगस्टला तेव्हाच्या अध्यक्षांनी माईंना शाल-श्रीफळ दिलं, ‘स्वातंत्र्यसैनिकाच्या पत्नी’ म्हणून. मी समोर उभी होते, टाळ्या वाजवल्या. माईंनी शाल घेतली, नमस्कार केला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. नंतर मी सेक्रेटरी झाले आणि झेंडावंदनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, तेव्हापासून बिल्डिंग पाडेपर्यंत सात वर्षं मी दरवर्षी माईकवरून एक वाक्य म्हणत आले, की आपल्या सोसायटीला कै. आप्पांसारख्या स्वातंत्र्यसैनिकाचा सहवास लाभला.

मग रिडेव्हलपमेंट झालं, तीन वर्षं सगळे भाड्यानं इकडेतिकडे, झेंडावंदन बंद. २०२५ मध्ये नव्या बिल्डिंगचा ताबा मिळाला आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत ठराव आला की तळमजल्यावरच्या हॉलला आप्पांचं नाव द्यायचं, पंधरा ऑगस्टला पाटीचं अनावरण करायचं. एकमतानं पास. काळ्या ग्रॅनाइटची पाटी, सोनेरी अक्षरं, आप्पांच्या नावाखाली ‘स्वातंत्र्यसैनिक’. जुलैच्या शेवटी पाटी तयार होऊन माझ्या घरात, सोफ्यामागं, गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती.

अडचण कुठे सुरू झाली

दादांना म्हटलं होतं की अनावरणाच्या वेळी ताम्रपट टेबलावर ठेवायला द्या. तीन वर्षं तो दादांच्या भाड्याच्या घरात खोक्यात पडून होता, पार काळा झालेला, कडेला हिरवट. दादांच्या मुलीनं, म्हणजे माईंच्या नातीनं, तो स्वच्छ करायला घेतला. फ्रेम काढली आणि चिंचेनं घासला.

त्या रात्री साडेदहाला तिनं मला फोटो पाठवला. आणि खाली एकच ओळ, काकू पहिला शब्द वाचा.

हे ताम्रपट कसे असतात ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. १९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना हे दिले. वर अशोकस्तंभाचे सिंह, मजकूर हिंदीत, की स्वातंत्र्यलढ्यातल्या स्मरणीय योगदानाबद्दल राष्ट्राच्या वतीनं पंतप्रधान इंदिरा गांधींनी हा ताम्रपत्र भेट दिला, आणि तारीख १५ ऑगस्ट १९७२, सोबत शके १८९४ ची श्रावणातली तारीख. ज्याला दिला त्याचं नाव त्यात कोरलेलं.

आमच्या ताम्रपटाचा पत्रा फ्रेममध्ये डावीकडे सरकला होता, त्यामुळे नावाच्या ओळीची सुरुवात फ्रेमच्या पट्टीखाली झाकली गेलेली. दारावर एवढ्या उंचीवर लावलेला, खालून मान वर करून वाचलं की दिसायचं ते आप्पांचं नाव आणि आडनाव. फ्रेम काढल्यावर, काळपटपणा गेल्यावर, त्याच्या आधीचे दोन शब्द वर आले. ‘श्रीमती’ आणि माईंचं नाव.

आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव लिहिलं की मधे नवऱ्याचं नाव येतंच, त्यामुळे पहिले दोन शब्द झाकले की उरतो तो नवरा. इतकी साधी गोष्ट, आणि पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही.

कागदांमधून काय निघालं

माझं पहिलं म्हणणं काय होतं ते सांगते, कारण ते चांगलं नव्हतं. मी नातीला म्हटलं, पंधरा ऑगस्टला अठरा दिवस राहिलेत, पाटी तयार आहे, पाहुण्यांना आमंत्रण गेलंय, आत्ता कार्यक्रम होऊ दे, मग सावकाश बघू. ती हो म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. दोन दिवस मी तशीच होते. तिसऱ्या दिवशी सोफ्यामागची पाटी काढून पाहिली आणि मग दादांना फोन केला की घरात कागद काय काय आहेत ते बघायला येते.

एक पत्र्याची ट्रंक निघाली. त्यात १९७२ च्या अर्जाची नक्कल, येरवडा जेलमधून सुटल्याचा दाखला, सोबत असलेल्या दोन बायकांची प्रतिज्ञापत्रं. दाखल्यावर नाव वेगळंच, माहेरचं. लग्नात आडनाव तर बदललंच पण नावही बदललेलं, त्यामुळे जेलच्या कागदावरची मुलगी आणि तळमजल्यावरच्या माई एकच हे सांगायला ती प्रतिज्ञापत्रं लागली होती.

गोष्ट अशी. १९४२ साली माई अठरा वर्षांच्या, नारायण पेठेत राहायच्या. ९ ऑगस्टला पहाटे गांधीजींना आणि बाकीच्या नेत्यांना मुंबईत पकडलं, गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये आणून ठेवलं, आणि बाहेर पुढारी उरले नाहीत तेव्हा कॉलेजातली, शाळेतली पोरंच सगळं चालवायला लागली. सायक्लोस्टाइल केलेली बुलेटिनं निघायची, ती घरोघर पोचवायची. माई ती भाजीच्या पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून न्यायच्या. पकडल्या गेल्या, साडेचार महिने येरवड्यात. घरच्यांनी बाहेर सांगितलं की मुलगी मामाकडे गेलीय, कारण लग्न जमवायचं होतं. हे ‘मामाकडे’ अर्जात नाहीये, ते दादांना माईंच्या धाकट्या बहिणीनं सांगितलेलं. म्हणजे दादांना माहीत होतं!

हो, दादांना आई जेलमध्ये होती हे माहीत होतं. मी विचारलं की मग ठराव झाला तेव्हा बोलला का नाहीत, तर ते म्हणाले की आमच्या लहानपणापासून लोक बाबांनाच स्वातंत्र्यसैनिक म्हणायचे, बाबा सुरुवातीला सांगायचे की अहो मी नाही, ही, मग लोकांना वाटायचं की विनयानं बोलतायत, मग त्यांनी सांगणं सोडलं. आणि आई? शाल मिळाली त्या दिवशी मी आईला म्हटलं की अगं तू सांगायचंस ना, तर म्हणाली, शाल गरम आहे, चांगली आहे.

ट्रंकेतली अजून एक गोष्ट, १९७२ चा तो अख्खा अर्ज आप्पांच्या अक्षरात आहे. खाली सही तेवढी माईंची. त्या दोन बायकांना शोधून, एकीसाठी साताऱ्याला जाऊन, प्रतिज्ञापत्रं आणली ती आप्पांनी. पुढे १९८० मध्ये बायकांना तीन महिन्यांच्या तुरुंगवासावर सन्मान पेन्शन मिळायला लागली, पुरुषांना सहा महिने लागायचे, ते कलमही त्यांनी एका कागदावर उतरवून खाली दोन रेघा मारलेल्या.

समोर असलेले पर्याय

आता कमिटीची तातडीची मीटिंग. सात जण. ती दोन तास चालली आणि मला वाटतं आमच्या सोसायटीत पार्किंग सोडून एवढा वेळ कधीच कशावर चर्चा झाली नसेल.

एक म्हणणं होतं की पाटी आहे तशी लावा. खजिनदारकाकांचं हे. पैसे गेलेत, ठराव झालाय, आणि आप्पांनीही कष्ट केलेच की, घरातल्या एकाचं नाव म्हणजे दोघांचंच. हे ऐकायला बरं वाटतं, पण ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्द आप्पांच्या नावाखाली दगडात कोरायचा तर ते खोटं आहे, आणि दगडातलं खोटं कागदातल्यासारखं फाडता येत नाही.

दुसरं, दोघांचीही नावं घालायची. बहुतेकांना हे पटलं होतं, मलाही. नातीनं एक प्रश्न विचारला आणि ते अडलं. ती म्हणाली, उलटं असतं, आजोबा जेलमध्ये गेले असते आणि आजीनं अर्ज लिहिला असता, तर तुम्ही पाटीवर आजीचं नाव घातलं असतंत का? कुणी उत्तर दिलं नाही.

तिसरं, फक्त माईंचं नाव. चौथं, पाटीच नको, हॉल हा हॉलच राहू दे. अध्यक्षांचं म्हणणं चौथ्याकडे झुकत होतं, त्यांना भीती होती की आज हे निघालं उद्या अजून काही निघेल. ती भीती मला तेव्हा पळपुटी वाटली, आज तेवढी वाटत नाही. कागद न बघता ठराव करणाऱ्या कमिटीनं काही काळ दगडापासून लांब राहावं यात तथ्य आहे.

पाटी करणाऱ्या कारागिराला फोन केला तर तो म्हणाला, ताई दगड जाड आहे, मागची बाजू पॉलिश करून त्यावर नवीन अक्षरं कोरून देतो, निम्म्या पैशात. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पण दादा तिथेच बसले होते, ते म्हणाले की बाबांचं नाव भिंतीत तोंड करून कायमचं चिणायचं, ते नको. पंच्याहत्तरीच्या माणसाचा आवाज तेव्हा कापला. तो विषय तिथेच संपला.

काय केलं

ठरलं ते असं. नवी पाटी, माईंच्या नावाची, लग्नानंतरचं नाव आणि खाली माहेरचं नाव, दोन्ही, कारण जेलमध्ये जी मुलगी होती तिचं नाव ते होतं आणि ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. ‘१९४२, येरवडा’ एवढंच पुढे. ‘थोर’, ‘महान’ वगैरे काही नाही, हे नातीचं म्हणणं आणि ते बरोबर होतं. आप्पांच्या अर्जाची मोठी झेरॉक्स फ्रेम करून पाटीशेजारी. नव्या दगडाचा खर्च कमिटीच्या सात जणांनी मिळून भरला, सोसायटीच्या खात्यातून नाही. जुना ठराव मागे घेऊन नवा करायला विशेष सभा बोलवावी लागली, तीही केली, गणसंख्या जेमतेम भरली.

अनावरण कधी करायचं हाही मुद्दा होता. मी ९ ऑगस्ट सुचवला, क्रांती दिन, माईंच्या गोष्टीची तारीख तीच. पण त्या शनिवारी राखीपौर्णिमा होती, निम्म्या बायका माहेरी, आणि दगडही तयार होणार नव्हता. मग पंधरा ऑगस्टच.

झेंडा कोण लावणार हे आम्ही बदललं नाही. रिडेव्हलपमेंट करणाऱ्या बिल्डरकडच्या एका पार्टनरना आधीच बोलावलं होतं, आता नको कसं म्हणायचं म्हणून ते तसंच राहू दिलं. दादांना किंवा नातीला सांगावं असं माझ्या मनात आलं होतं, मी मीटिंगमध्ये बोलले नाही.

अजून एक बारीक गोष्ट, सजावटीसाठी कुणीतरी प्लॅस्टिकच्या छोट्या झेंड्यांची माळ मागवली होती, ती परत केली. ध्वजसंहितेत प्लॅस्टिकचा झेंडा बसत नाही. कागदी चालतो, पण कार्यक्रम झाल्यावर तो जमिनीवर पडू द्यायचा नाही. मुलांना कागदी झेंडे दिले आणि शेवटी ते मोजून परत घेतले, चौदा दिले चौदा आले.

पंधरा ऑगस्टची सकाळ

२०२५ चा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. तीन दिवसांची सुट्टी, लोक कोकणात, महाबळेश्वरला, ताम्हिणीला. छपन्न फ्लॅटमधून सत्तावीस माणसं खाली आली, मी मोजली. पाऊस बारीक पडत होता, झेंडा भिजून दोरीला चिकटला, दोनदा ओढावा लागला.

झेंडावंदन झालं आणि मी माईक घेतला. लिहून आणलं होतं, पण कागद ओला झाला म्हणून तसंच बोलले. म्हटलं, सात वर्षं मी इथून तुम्हाला चुकीचं सांगितलं. आप्पा स्वातंत्र्यसैनिक नव्हते, माई होत्या. २०१० मध्ये आपण त्यांना पत्नी म्हणून शाल दिली ती खरं तर त्यांना स्वतःसाठी द्यायला हवी होती. मग ताम्रपट हातात घेऊन नातीनं नाव वाचलं, पहिल्या शब्दापासून.

त्यानंतर दरवर्षीचं भाषण ठेवलं नव्हतं. त्याऐवजी आम्ही पुण्यातल्याच जागा सांगितल्या, ज्यांच्या शेजारून मुलं रोज क्लासला, शाळेला जातात. काँग्रेस भवन, जिथं १९४२ मध्ये तिरंगा लावायला गेलेला कोवळा पोरगा नारायण दाभाडे पोलिसांच्या गोळीनं गेला. कॅम्पातलं कॅपिटॉल थिएटर, २४ जानेवारी १९४३ चा बॉम्ब, आणि त्या प्रकरणात पकडलेले भास्कर कर्णिक, ज्यांनी आपल्या तोंडून साथीदारांची नावं निघू नयेत म्हणून कोठडीत विष घेतलं, फरासखान्यापाशी त्यांचं स्मारक आहे, गणपती बघायला जाताना आपण त्याच्यासमोरूनच जातो. आणि आगाखान पॅलेस. गांधीजींचे सेक्रेटरी महादेवभाई देसाई तिथं गेले, पकडल्यावर आठवड्याच्या आत. तारीख १५ ऑगस्ट १९४२. आपण ज्या दिवशी जिलेबी खातो तोच दिवस, बरोबर पाच वर्षं आधी. कस्तुरबा तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. मला स्वतःला ही तारीख वयाच्या पन्नाशीपर्यंत माहीत नव्हती.

सहावीतल्या एका मुलानं हात वर करून विचारलं, की माईआजी जेलमधून आल्यावर त्यांना परत कॉलेजात घेतलं का? दादांनी सांगितलं, नाही. मॅट्रिक झाल्या होत्या, पुढे शिकायचं होतं, ते राहिलं ते राहिलंच. मग जिलेबी वाटली.

निष्पन्न काय झालं

पाटी लागली. सोसायटीच्या ग्रुपवर मी दुरुस्तीचा मोठा मेसेज टाकला, त्यावर बरेच अंगठे आले, पण नोव्हेंबरमध्ये एका हळदीकुंकवाच्या चर्चेत एक वहिनी सहज म्हणाल्या की आप्पांचा हॉल मिळेल ना. सात वर्षं माईकवरून सांगितलेलं एका मेसेजनं जात नाही. म्हणून २६ जानेवारीला ती गोष्ट पुन्हा सांगितली, तेव्हा साठेक जण होते.

ट्रंकेतले कागद स्कॅन केले, मूळ कागद दादांकडेच आहेत. माईंच्या माहेरच्या लोकांशी नातीचा संपर्क झाला, तिकडे कुणालाच ताम्रपटाबद्दल माहिती नव्हती, ‘मामाकडे गेली होती’ हेच त्यांच्या घरात अजून चालू होतं.

जुनी पाटी दादा घेऊन गेले. त्यांच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी उभी आहे, ‘स्वातंत्र्यसैनिक’ शब्दावर त्यांनी स्वतः पांढरी पट्टी चिकटवलीय.

आता करायचं झालं तर

सगळ्यात आधी, ठराव करण्यापूर्वी कागद मागितले असते. त्यात अविश्वास नसतो. दादांना जर आम्ही विचारलं असतं की आप्पांबद्दल दोन ओळी लिहून द्या, तर त्याच दिवशी सगळं बाहेर आलं असतं. आम्ही त्यांना फक्त ‘तुमच्या वडिलांचं नाव देतोय’ असं कळवलं, त्यावर त्या माणसानं काय म्हणायचं होतं?

ताम्रपट चिंचेनं घासायला नको होता. नंतर जुन्या धातूच्या वस्तूंचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की आंबटानं तांब्याचा थर जातो, कोरलेली अक्षरं हळूहळू बुजतात, मऊ कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि आधी तिरक्या उजेडात फोटो काढून वाचायचं. आमचं नाव वाचलं गेलं हे खरं, पण अक्षरांच्या कडा थोड्या गेल्यात.

झेंडा लावण्याबद्दल मी बोलायला हवं होतं. पाहुण्यांचा काही दोष नाही, ते आले, झेंडा लावला, छान दोन शब्द बोलून गेले. पण नाव माईंचं आणि दोरी दुसऱ्याच्या हातात, हे मला त्या सकाळी डोळ्यांनी दिसत होतं. भिडेखातर मी गप्प बसले.

आणि माई असताना त्यांच्याशी बोलायला हवं होतं. दोन वर्षं त्या माझ्या खाली राहत होत्या. पापडांवरून जी मीटिंग झाली तिचं इतिवृत्त मीच लिहिलेलं, परवा फाइलमध्ये सापडलं, त्यात माईंचं बोलणं म्हणून एकच वाक्य आहे, ‘गच्ची सगळ्यांची आहे ना?’

गेल्या आठवड्यात बी विंगमधल्या एकांनी विचारलं, त्यांच्या आजोळच्या घरी माळ्यावर एक जुनं पोस्टकार्ड सापडलंय, जेलमधून आलेलं, त्यावर सेन्सॉरचा शिक्का आहे, कुणी लिहिलंय ते घरात कुणालाच सांगता येत नाही, त्याचं काय करायचं. त्यांना म्हटलं, पुसू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका, आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि आजोळच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा, आजच लावा. रविवारी चारला हॉलमध्ये बसणार आहोत, नात पण येतेय.